आत्याच्या पाठीवरचे बुक्के

उज्जैनला फ्रीगंजच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये काउंटरवर ज्या बाई बसतात, त्यांना माईकची गरज कधीच पडणार नाही. मी तिथं पाचव्यांदा गेले होते. हातात पाण्याची मोठी बाटली, जवळजवळ संपलेली. समोरच्या भिंतीवर गर्भलिंग तपासणी गुन्हा असल्याचा बोर्ड. आजूबाजूला पोट पुढे आलेल्या बायका, त्यांचे नवरे, त्यांच्या सासवा. मी मोबाइलमध्ये मान खुपसून बसले होते.

“वो ओवरी वाली मैडम! प्रेशर बना क्या?”

सगळ्यांनी वर पाहिलं. मीही पाहिलं, जणू ओवरीवाली मॅडम दुसरीच कोणी आहे.

“अरे आप, आप ही! पीला कुर्ता! पेशाब आ रही है, कि और पानी पिलाऊँ?”

“आ रही है,” मी म्हणाले. माझ्या मते पुरेसं मोठ्यानं म्हणाले.

“हैं?”

“आ रही है!” माझ्या शेजारच्या एका अनोळखी सासूनं माझ्या वतीनं ओरडून सांगितलं. “बिचारी कब से पैर दबा के बैठी है, ले लो अंदर.”

शाळेत हजेरीच्या वेळी माझा आवाज बाईंपर्यंत पोचायचा नाही म्हणून माझी निम्म्या वर्षाची हजेरी गैरहजेरी म्हणून लागली होती, हे मला त्या क्षणी आठवलं. इथं मात्र माझी हजेरी बरोबर लागत होती.

आत अंधार होता. थंड जेल, पोटावर फिरणारं यंत्र. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “मैरिड?” मी नेहमीचं उत्तर दिलं, “नो.” पडद्यावर करड्या ढगांमध्ये एक काळा गोल होता. मला आता तो ओळखता येतो. त्यांनी त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तुटक रेघ ओढली आणि म्हणाले, “वापस आ गई है.” सुट्टी संपवून कोणी पाहुणी परत यावी तसं.

दीड वर्षापूर्वी माझ्या पोटाला तीन छोटी भोकं पाडून डाव्या ओवरीतली, म्हणजे बीजांडकोशातली, हीच गाठ काढली होती. चॉकलेट सिस्ट म्हणतात तिला. आत जुनं रक्त साठून साठून काळपट, दाट झालेलं असतं, म्हणून चॉकलेट. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला चॉकलेट फारसं आवडत नसावं. ती काढल्यावर सहा-आठ महिने मी पाळीच्या दिवसांतही सरळ उभी राहू शकत होते आणि मला वाटलं होतं, संपलं. संपलं नव्हतं.

त्या पहिल्या ऑपरेशनच्या आधी आम्ही एका मोठ्या डॉक्टरांकडे गेलो होतो. मी आणि आई. डॉक्टरांनी माझे रिपोर्ट पाहिले, मग आईकडे पाहिलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. “बिटिया की जल्दी शादी कर दो,” ते म्हणाले. “एक बच्चा हो जाए तो सब ठीक हो जाता है.” औषधाचा कागदही त्यांनी आईच्याच हातात दिला. मी दोघांच्या मध्ये बसले होते, माझ्या डाव्या बाजूला कळ येत होती, आणि माझ्यावरचा उपाय म्हणून एक नवरा आणि एक मूल लिहून दिलं जात होतं. जे मूल अजून कुठंच नव्हतं, त्याला आधीच काम लावलं होतं.

आईनं ते मनावर घेतलं. महिनाभर घरात स्थळांचं बोलणं चाललं. मला साडी नेसवून माधव नगरच्या आमच्या गच्चीवर फोटो काढले गेले. त्या फोटोंत मी हसतेय, पण एक हात पोटावर आहे. आईला ते दिसलं नाही. मला दिसलं. मी दुसऱ्या दिवशी स्वतःच दुसऱ्या डॉक्टर शोधल्या. बाई होत्या. माझ्या फोनवरून अपॉइंटमेंट घेतली आणि घरी फक्त वेळ सांगितली.

त्या मॅडमशी मी पहिल्यापासून इंग्रजीत बोलले. आमच्या घरात मानेपासून गुडघ्यापर्यंत सगळ्याला ‘पोट’ म्हणतात. पाळीचं दुखणं पोटाचं, ओवरीचं दुखणं पोटाचं, लघवीची जळजळ पोटाचीच. इंग्रजी शाळेनं मला बाकी काय दिलं ते जाऊ दे, पण एक अशी भाषा दिली ज्यात मी न लाजता माझ्या शरीरातल्या गोष्टींची नावं घेऊ शकते. आणि जी आईला नीट कळत नाही. इंग्रजीत मी धीट आहे. मराठीत मी ‘पोटात दुखतंय’ म्हणणारी मुलगी आहे.

गाठ परत आल्यावर आई हट्टानं माझ्याबरोबर आली. मॅडमनी रक्ताचा रिपोर्टही मागवला होता. ओवरीमध्ये साधारण किती बीजं शिल्लक असावीत याचा अंदाज देणारी ती तपासणी असते. माझा आकडा माझ्या वयाच्या मानानं कमी होता. दर वेळी गाठ खरवडून काढताना तिच्याबरोबर ओवरीचा थोडा चांगला भागही जातो, म्हणून दुसरं ऑपरेशन लगेच नको, असं त्यांनी समजावून सांगितलं. रोज एक गोळी, दर काही महिन्यांनी सोनोग्राफी. अचानक असह्य दुखलं तर मात्र तडक यायचं. बीजं गोठवून ठेवायची असतील तर इंदूरला जाऊन विचारता येईल.

आईनं फक्त एवढंच विचारलं, “मतलब, बच्चा नहीं होगा?”

“मैंने कम बोला है, माताजी. खतम नहीं बोला.”

मग मी इंग्रजीत विचारलं, की कुणालाच घाई नसती तर तुम्ही काय केलं असतं? त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि उत्तर हिंदीत दिलं, आईला कळावं म्हणूनच बहुतेक. “वेट करती. नज़र रखती. और इनसे पूछती, कि ये क्या चाहती हैं.”

परतताना स्कूटीवर आई मागे बसली होती. टावर चौकातल्या गर्दीत ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “तू काय विचारलंस त्यांना इंग्रजीत?”

“घाई करायची का ते.”

“मग किती वाट बघायची?”

“ते मी ठरवायचं.”

माधव नगर आलं. ती म्हणाली, “सब्जी घ्यायची राहिली.”

मला मूल हवं आहे का, हे मला ठाऊक नाही. मी सव्वीस वर्षांची आहे, इंदूरच्या एका कंपनीचं काम घरून करते, आणि पुढच्या महिन्याच्या पगारापलीकडचं फारसं काही मी अजून ठरवलेलं नाही. पण तो रिपोर्ट ज्या दिवशी आला, त्या दिवशी ऑफिसची मीटिंग मी कॅमेरा बंद ठेवून केली. एखादी खोली आपण कधी वापरू की नाही माहीत नसतं, तरी कोणी तिला परस्पर कुलूप लावत असेल तर राग येतोच ना? तसा राग येत होता. आणि भीतीही वाटत होती. ती मी कोणाला सांगितली नाही, कारण भीती सांगितली असती तर लगेच कोणीतरी स्थळ सांगितलं असतं.

आईनं नातेवाइकांना सांगितलं, ‘तिला जरा पोटाचा त्रास आहे.’ आठवड्यात सगळ्यांना सगळं कळलं. आणि त्यानंतर मी काचेची झाले. आई माझ्या हातून बादली काढून घ्यायची. गॅसची टाकी सरकवायला गेले तर बाबांना हाक मारायची. कोणाच्या डोहाळजेवणाचं बोलावणं आलं तर माझ्यासमोर आवाज खाली करायची. दुखत असताना गरम पाण्याची पिशवी आणून द्यायची, तेव्हा मला तिचा आधार वाटायचा. दुखत नसताना ती जे करायची, त्यानं जास्त दुखायचं.

अशात माझ्या वहिनीला मुलगी झाली.

भाऊ आणि वहिनी आमच्याबरोबरच राहतात. बाळंतपण इंदूरला, वहिनीच्या माहेरी झालं, आणि सव्वा महिन्यानं बाळ घरी आलं की बारसं उज्जैनला करायचं ठरलं. माझ्या भावाला एकच सख्खी बहीण. मी. म्हणजे बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगायचं काम माझं. आणि नाव सांगत असताना बाकीच्या बायकांनी आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे, ते बुक्केही माझे.

माझ्या हिंदी मैत्रिणींना हे फार विचित्र वाटतं. “तुम्हारे यहाँ बुआ को पीटते हैं?” एकीनं डोळे मोठे करून विचारलं होतं. “नाम भी वो रखे और मार भी वो खाए?” मी तिला नीट समजावू शकले नव्हते. मला स्वतःला मात्र लहानपणापासून त्याचं आकर्षण होतं. वाकलेली एक बाई, तिच्या पाठीवर पडणारे आठ-दहा हात, सगळ्यांचं हसणं, आणि त्या सगळ्या गोंधळाच्या खाली तिनं एकटीनं त्या छोट्या कानात सांगितलेलं नाव. पुढे यायची सवय नसलेल्या माझ्यासारख्या मुलीलासुद्धा हक्कानं मिळणारी ती एक जागा होती. न मागता.

बारशाच्या चार दिवस आधी वहिनीला आणि बाळाला घेऊन वहिनीच्या आई आल्या. प्रेमळ आहेत. डिंकाचे लाडू, बाळासाठी दुपटी, आणि माझ्यासाठीसुद्धा कसलंसं काढ्याचं चूर्ण घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात त्या आईबरोबर लसूण सोलत बसल्या होत्या. मी पलीकडे फिल्टरच्या नळाखाली बाटल्या भरत होते. मी इतकी हळू वावरते की लोकांना मी तिथं आहे हेच लक्षात येत नाही.

“विहीणबाई,” त्या म्हणाल्या, “एक विचारू? राग नका मानू. आमच्याकडे नाव ठेवायला लेकुरवाळी लागते. पद्धत आहे तशी. तुमची ती देवासची पुतणी आहे ना, तिलाही आत्याच म्हणायचं की. दोन मुलगे आहेत तिला. तिला सांगितलं तर?”

आई लसूण सोलत राहिली. लसणाच्या सालींचा आवाज तेवढा येत होता.

“तुमच्या लेकीला बरं नसतं, म्हणूनही म्हटलं हो. वाकायचं, बुक्के खायचे. नाजूक झालीय पोर.”

“सांगते,” आई म्हणाली.

बाटली भरून पाणी माझ्या पायावर सांडलं, तेव्हा दोघींनी वळून पाहिलं.

संध्याकाळी आई बाळाच्या लंगोटांच्या घड्या घालत होती. मी समोर जाऊन उभी राहिले. “तू ‘सांगते’ म्हणालीस.”

“तुझ्यासाठीच गं.” तिनं मान वर केली नाही. “इतक्या बायका येणार. सगळ्या तुझ्याकडे बघणार, कुजबुजणार. कशाला पाहिजे फालतू टेंशन? तू फोटो काढ. तुझे फोटो छान येतात.”

“आत्या मी आहे.”

“आहेसच ना. कोण नाही म्हणतंय?”

मला खूप बोलायचं होतं. ते सगळं इंग्रजीत तयार होतं, अगदी मुद्देसूद. मराठीत मला एकही वाक्य सुचलं नाही. मी खोलीत गेले, लॅपटॉप उघडला आणि तीन क्लायंटना अत्यंत नम्र ईमेल पाठवल्या.

शनिवारी मी माझ्या आत्याकडे गेले. बाबांची थोरली बहीण. पोस्टात नोकरी केली, लग्न केलं नाही, आता टावर चौकाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत एकटी राहते. शनिवारी मी तिच्यासाठी चौकातून साबुदाण्याची खिचडी घेऊन जाते आणि दर शनिवारी ती खिचडीला नावं ठेवते.

“आज लवकर कशी? इथं काय करून राहिली, घरी बारशाची तयारी नाही का?” दार उघडताच ती म्हणाली. पुडा हातात घेऊन तिनं वास घेतला. “शेव-मिक्श्चर जास्त घातलंय मेल्यानं. साबुदाणा शोधावा लागेल.”

ती खात होती. मी तिच्या खिडकीतल्या तुळशीकडे बघत होते. “आत्या, माझं नाव कोणी ठेवलं होतं?”

“मी. आणखी कोण? तुझं पण, तुझ्या भावाचं पण.”

“तेव्हा कोणी काही म्हणालं नाही?”

“काय म्हणणार?”

“म्हणजे... लेकुरवाळी पाहिजे वगैरे.”

तिचा चमचा थांबला. “कोण म्हणालं?”

मी सांगितलं. सगळं. फिल्टरपासून फोटोंपर्यंत. मला वाटलं ती चिडेल, किंवा मला जवळ घेईल. तिनं यातलं काहीच केलं नाही. तिनं चष्मा काढून पदराला पुसला आणि म्हणाली, “तुझ्या बारशानंतर माझी पाठ आठवडाभर दुखत होती, ठाऊक आहे? दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसले तर खुर्चीला टेकता येईना. पोस्टमास्तर विचारतात, क्या हुआ मैडम, गिर गईं क्या? मी म्हटलं, नहीं सर, भतीजी हुई है.”

मला हसू आलं. तिलाही आलं, पण तिनं ते खिचडीबरोबर गिळलं.

“सगळ्यात जोरात कोणी मारलं असेल सांग. तुझ्या आईनं! हातात पाटल्या होत्या तिच्या, नव्या. पाच वर्षं मी तिच्या आमटीत चुका काढत होते, तिला मौका मिळाला. असे घातले बुक्के, जसं काही धुणंच धुतेय.”

“आईनं?”

“मग! तेव्हा तिला नाही आठवली लेकुरवाळी. मी चाळिशीला आले होते, ना नवरा ना पोर. हिनंच मला हात धरून पाळण्याशी नेलं होतं.”

मी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. मग जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं. “तुला कधी वाईट वाटलं? मूल नाही याचं?”

“वाटलं कधी कधी.” तिनं पुड्याच्या तळाचा साबुदाणा चमच्यानं गोळा केला. “दाढही दुखते कधी कधी. म्हणून काय मी दाढदुखीवाली बाई झाले का?”

मी उठले तेव्हा तिनं दारापर्यंत येऊन सांगितलं, “बारशाला मला घ्यायला भावाला पाठव, कारनं. ई-रिक्षात माझी कंबर जाते. आणि हे बघ, मी तुझ्या आईला काही सांगणार नाही की त्या इंदूरवाल्या बाईंना सांगणार नाही. तोंड आहे ना तुला?”

बारशाच्या दिवशी आमचा हॉल बायकांनी भरून गेला. मध्ये भाड्यानं आणलेला पाळणा, त्याला झेंडूच्या माळा, खाली समई. पाळण्यात बाळाबरोबर ठेवायचा वरवंटा झबलं-टोपडं घालून तयार होता आणि बाळापेक्षा गुटगुटीत दिसत होता. देवासची ताई दोन मुलांना घेऊन आली. ती मुलं आल्या आल्या घुगऱ्यांच्या पातेल्याभोवती धावायला लागली. ताईला काय सांगितलं होतं कोणास ठाऊक, तिनं माझा दंड हळूच दाबून विचारलं, “आता कसं आहे?” ताप आलेल्या माणसाला विचारतात तसं. माझी आत्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून पंख्याचा वेग कमी असल्याची तक्रार करत होती.

मी फोटो काढत होते. पाळणे म्हणून झाले. बाळाला पाळण्यात ठेवलं. वहिनी पाळण्याच्या एका बाजूला पाटावर बसली, चेहरा झोप न झालेला पण छान. वहिनीच्या आईंनी ताईला हात धरून पुढे आणलं. फोनच्या पडद्यावर मला सगळं दिसत होतं. पाळणा, समई, वहिनी, आणि तिच्यासमोर पाळण्यापाशी वाकायला एक मोकळी जागा. ताई त्या जागेच्या अलीकडेच घुटमळत होती. पदर नीट करत, इकडेतिकडे बघत. तिलाही ठाऊक होतं ती जागा कोणाची आहे.

डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता आईच्या हातात कागद दिला होता, तेव्हाही मी अशीच बघत बसले होते.

मी जाऊन फोन आत्याच्या हातात दिला. “हा धर.”

“मला येत नाहीत फोटो काढता.”

“नको काढूस. नुसता धर.”

मग मी बायकांमधून वाट काढत पुढे गेले. “ताई, जरा सरक.”

ताई इतक्या झटकन सरकली, की तिची सुटका झाल्यासारखं वाटलं. पण वहिनीच्या आईंनी माझा हात धरला. “अगं बेटा, तुझी तब्येत... तुला कशाला त्रास?” त्या खरंच मायेनं बोलत होत्या. त्याच मायेचा मला कंटाळा आला होता.

हॉलमधली कुजबुज थांबली. आई घुगऱ्यांचं ताट घेऊन दारात उभी होती.

“मला सिस्ट आहे,” मी म्हणाले. मराठीत. “डाव्या ओवरीत. काढली होती, परत आलीय. कानात नाव सांगितल्यानं ती बाळाला होत नाही. आणि मला मूल होईल की नाही ते डॉक्टरांनासुद्धा माहीत नाही, मग या हॉलमध्ये कोणाला माहीत असणार? आत्या मी आहे. नाव मी सांगणार.”

आवाज किती मोठा निघाला मला कळलं नाही, पण कोणी “हैं?” म्हणालं नाही.

पाटावरून वहिनी म्हणाली, “आत्याबाई, या लवकर. ही उठली तर पुन्हा झोपवायला मी तुम्हालाच बसवेन.”

कोणीतरी हसलं. वहिनीच्या आईंनी माझा हात सोडला.

मी वाकले. तिचा कान अजून नीट उलगडलाही नव्हता, कडेला बारीक लव होती. तेलाचा आणि दुधाचा वास येत होता. खोटं कशाला बोलू, आत कुठंतरी टोचलं. खोलवर, डावीकडे नाही, नेमकं कुठं ते सांगता येणार नाही. मी ते टोचू दिलं. ते माझं होतं, त्याच्यासाठी मला दुसऱ्या कोणाची कुजबुज नको होती. “कुर्रर्र,” मी म्हणाले आणि तिचं नाव तिला सांगितलं. या जगात ते तिला सगळ्यात आधी मी सांगितलं.

आणि पाठीवर हात पडले. पडले म्हणजे काय, टेकले. गादीवरचा चुरा झटकावा तसे. एक मऊ थाप, दुसरी त्याहून मऊ. एकीनं तर नुसता हात फिरवला. वाकलेल्या अवस्थेत मला इतका राग आला, की रडूच येईल असं वाटलं. नाव सांगायला मिळालं होतं, पण सगळ्या मला काचेचीच समजत होत्या.

“जोरात मारा की!” मी पाळण्यात तोंड ठेवूनच ओरडले. “पाठीला काही झालेलं नाही माझ्या!”

मागे ताट जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग धप्पकन एक बुक्का बसला, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, असा की माझ्या तोंडून ‘आई गं’ निघालं. ती आईच होती. पाटल्या लागल्या म्हणून कळलं. दुसरा बसला. तिसरा बसला. इतके महिने माझ्या हातातून बादल्या काढून घेणारे हात होते ते. तिसऱ्यानंतर बाकीच्यांनाही जोर चढला. ताईनं मारले, शेजारणींनी मारले, शेवटी वहिनीच्या आईंनीसुद्धा एक घातला, आणि तो काही हलका नव्हता.

“एक माझ्याकडून!” कोपऱ्यातल्या खुर्चीतून माझी आत्या ओरडली. “पाटल्यांनी मार!”

बाळ जागं झालं आणि टाहो फोडून रडायला लागलं. मी त्याच्यावर वाकलेली, पाठ आगीसारखी झोंबतेय, आणि मला हसू आवरत नव्हतं.

आत्यानं फोनवर एकतीस फोटो काढले होते. सगळे पंख्याचे.

पाहुणे गेल्यावर संध्याकाळी मी पलंगावर पालथी पडले होते. गाठ होती तिथंच होती. गोळीची वेळ झाली होती. दोन आठवड्यांनी पुन्हा फ्रीगंजला जाऊन पाणी पीत बसायचं होतं, आणि पडद्यावरचा तो काळा गोल केवढा झालाय ते तेव्हाच कळणार होतं. आई गोळी, पाणी आणि बामची बाटली घेऊन आली. गोळी मी घेतली. तिनं माझा कुर्ता पाठीवर सरकवला आणि जरा वेळ नुसतं बघितलं. वळ उठले असावेत.

“फार लागलं का गं?” तिनं विचारलं.

“हो.”

ती बाम चोळायला लागली. हात हलका नव्हता.

“लागू दे,” आई म्हणाली.